आधी तुम्ही म्हणा

ईस्टरच्या सकाळी सगळं चर्च उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि पुढच्या बाकावर लव्हेल ब्रॉडनॅक्स तेवढा बसून होता. टाळ्या त्याच्याच भाच्यासाठी होत्या. नऊ वर्षांचा थॅडियस फिकट पिवळ्या सुटात, बापाच्या टायच्या रंगाचा बो लावून, वाचनाच्या उंच मेजामागे उभा होता. त्याला दिसावं म्हणून पायाखाली खोका ठेवावा लागला होता, पण आवाजाला खोक्याची गरज नव्हती. येशूच्या रिकाम्या कबरीचा अख्खा उतारा त्याने अशा ठसक्यात म्हटला की मागच्या बाकांवरच्या बायका हॅट सावरत उठल्या आणि हात वर करून आमेन म्हणाल्या. घरीदारी सगळे त्याला छोटे डीकन म्हणत, आणि चर्चचा कारभार बघणाऱ्या खऱ्याखुऱ्या डीकन मंडळींचीही त्याला हरकत नव्हती.

लव्हेलचं बोट मात्र अजून मांडीवरच्या पुस्तकात अडकलेलं होतं. झालं होतं असं, की पास्टरांनी ऐनवेळी उतारा बदलला. कार्यक्रमपत्रिकेत छापलाय तो नको, त्याच पहाटेची हकिगत दुसऱ्या शुभवर्तमानातून वाच, पान मी उघडून ठेवलंय, असं त्यांनी थॅडियसला सांगितलं. थॅडियस ‘हो, सर’ म्हणाला, पानावर वाकला, आणि त्याने पत्रिकेतलाच उतारा म्हटला. दोन्हीकडे त्याच बायका, तोच बाजूला सरकलेला दगड, त्यामुळे बहुतेकांच्या लक्षातच आलं नाही. ज्यांच्या आलं त्यांना पोराचा हट्ट गोड वाटला. पास्टरही हसले. पण लव्हेल हाडाचा मास्तर. कुणी वाचायला लागलं की त्याचं बोट आपोआप ओळीखाली फिरायचं. पास्टरांनी उघडून ठेवलेला उतारा मध्येच पुढच्या पानावर जात होता, आणि थॅडियसने पान उलटलंच नव्हतं.

असं वाचणारी पोरं लव्हेलने कितीतरी पाहिली होती. उपनगरातल्या एका शाळेत तो उपप्राचार्य होता तेव्हा वर्गातून हाकललेली पोरं त्याच्या खोलीबाहेर बसून असायची, आणि त्यात बहुतेक काळीच पोरं असायची. त्यांच्याशी बोलता बोलता त्याला कळायला लागलं, की यातल्या निम्म्यांनी खोडी काढली ती वाचायची पाळी जवळ आली म्हणून. वर्गाबाहेर बसायला परवडतं, सगळ्यांसमोर अडखळायला परवडत नाही. शेवटी त्याने ती खुर्ची सोडली आणि बर्मिंगहॅमच्या पश्चिम भागात, आपण ज्या चर्चमध्ये लहानाचे मोठे झालो त्याच्याच तळघरातल्या हॉलमध्ये, वस्तीतल्या मुलग्यांसाठी शाळा सुटल्यानंतरचा वर्ग काढला.

त्या हॉलची किल्ली होती ओडेसा आत्याकडे. आईवडील लवकर गेले तेव्हा लव्हेलला आणि त्याच्या थोरल्या बहिणीला, रोशेलला, तिनेच पदराखाली घेतलं होतं. त्यामुळे आत्याने किल्ली दिली, आणि किल्लीबरोबर बोलणीही दिली. ब्रॉडनॅक्सांच्या घरात शिकून खुर्चीवर बसलेला तू पहिला, आणि आता तळघरात बसून वाया गेलेल्या पोरांना बिस्किटं वाटणार, असं ती म्हणाली होती. रोशेलने तेव्हा आत्याची बाजू घेतली. त्याचा सल लव्हेलच्या मनात होताच. पण आज टाळ्यांच्या गलक्यात तो वेगळ्याच काळजीत होता. थॅडियस तिसरीत होता. सुट्टी लागण्याआधी तिसरीच्या सगळ्या मुलांची वाचनाची परीक्षा होती, आणि त्यात अडकेल त्याला पुन्हा तिसरीतच बसवणार होते. छोट्या डीकनची काळजी त्या चर्चमध्ये दुसऱ्या कुणालाही नव्हती.

*

दुपारी आत्याच्या स्वयंपाकघरात रोशेल हॅम कापत होती आणि फार खुशीत होती. चर्चच्या पायऱ्यांवर बायकांनी तिचे गाल ओढून ओढून लाल करायचे बाकी ठेवले होते. असं पोर कसं घडवलंस, असं तिला ज्यांनी विचारलं त्यांत एक तर अशी बाई होती जिने रोशेलच्या लग्नात नाक मुरडलं होतं. मागच्या दारातून अझेलियाच्या फुलांचा वास येत होता, चुलीवर कॉलर्डची पालेभाजी रटरटत होती, ओव्हनमध्ये चीज-मॅकरोनीला वरून तांबूस रंग चढत होता. तेवढ्यात लव्हेल आत आला आणि दार लोटून घेतलं.

“मंगळवारपासून थॅडला माझ्याकडे पाठव,” तो म्हणाला.

“का रे? पोरांना वळण लावायला मॉनिटर हवाय तुला?”

“वाचायला शिकवायचंय त्याला.”

रोशेलची सुरी थांबली. सकाळी तू चर्चमध्ये होतास ना, असं तिने विचारलं, आणि होतो म्हणूनच सांगतोय, असं तो म्हणाला. मग त्याने न उलटलेल्या पानाचं सगळं सांगितलं. हळू आवाजात, एकेक शब्द तोलून, जसा तो इतर पोरांच्या आयांशी बोलत असेल तसा. रोशेलला त्या आवाजाचाच राग आला. प्रगतिपुस्तकात ‘वर्गात उत्साहाने भाग घेतो’ असं लिहिलंय, ती म्हणाली. बाईंनी आजवर एक तक्रार केलेली नाही.

“कशाला करतील? तो दंगा करत नाही, हात वर करतो, गोड बोलतो. वर्षाच्या मध्ये बाई बदलल्या, वर्गात पोरांची गर्दी. शेजारच्याने काय वाचलं ते तो ऐकतो आणि त्याच्यापेक्षा छान करून सांगतो. हुशार आहे गं तो. मठ्ठ असता तर कधीच सापडला असता.”

“तुला तुझा वर्ग भरायचाय,” रोशेल म्हणाली. “लोक नावं ठेवतात म्हणून तुला घरातलं एक चांगलं पोर तिथे बसवून दाखवायचंय. स्वतःचं पोर असतं ना, तर कळलं असतं असं बोलताना काय होतं ते.”

तोंडातून शब्द गेला आणि तिला वाटलं, आपली जीभ झडली असती तर बरं. लव्हेल आणि त्याची बायको वेगळे झाले त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी ते काढत नसे. लव्हेलने खिडकीबाहेर बघितलं. मग तो म्हणाला, “असेल तसं. पण मंगळवारी पाठव.”

दार उघडून ओडेसा आत्या आत आली. हातात पावांची परात, डोक्यावर अजून चर्चची जांभळी हॅट. टेलिफोन कंपनीत बायकांच्या अख्ख्या पाळीवर हुकूम चालवून ती निवृत्त झाली होती, आणि बंद दारामागचं बोलणं ऐकू येण्याची कला तिथेच शिकली होती. कुणाला काय येत नाही म्हणताय, असं तिने विचारलं. दोघं भावंडं लहानपणीसारखी एकमेकांकडे बघायला लागली, तेव्हा तिने परात ओट्यावर ठेवली.

“त्याला मी शिकवलंय,” ती म्हणाली. “चार वर्षांचा होता तेव्हापासून. ईस्टरची भाषणं, नाताळची भाषणं, सगळी. मी ओळ सांगते, तो म्हणतो. एक शब्द इकडचा तिकडे होत नाही त्याचा.”

“तेच म्हणतोय, आत्या. एकही शब्द होत नाही.”

“म्हणजे माझी चूक?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“नाही कसं? दार लावून म्हणालास.”

आता रीतसर भांडण होणार होतं, आणि ब्रॉडनॅक्सांच्या घरात सणाच्या दिवशी भांडण झालं की जेवण गार होईपर्यंत चालायचं. पण दारात मार्लन येऊन उभा होता. रोशेलचा नवरा सामान पोचवायचा ट्रक चालवायचा, बोलायचा कमी, आणि घरातल्या प्रत्येक वादात आत्याच्या बाजूने असायचा. तिच्या हातचा पाउंड केक बंद होऊ नये म्हणून, असं तो स्वतःच सांगायचा. आज त्याच्या हातात भरलेल्या अंड्यांची ताटली होती, आणि ती कुठे ठेवावी हे त्याला सुचत नव्हतं.

“लव्हेल म्हणतोय ते खरं असेल,” तो म्हणाला.

रोशेलने सुरी खाली ठेवली.

“गृहपाठ मीच वाचून दाखवतो,” मार्लन म्हणाला. “ट्रक दारात लावला की आम्ही दोघं आतच बसतो. मी प्रश्न वाचतो, तो उत्तरं सांगतो. सगळी बरोबर असतात गं. मला वाटायचं, तेवढाच बापलेकाचा वेळ. पण बर्गरच्या दुकानात वरच्या पाटीकडे बघून त्याने कधी काही मागितलं नाही. म्हणतो, पप्पा घेतील तेच मला. परवा मी मुद्दाम म्हटलं, आज तू आधी सांग. तर म्हणाला भूक नाही.”

“आणि हे तू मला आत्ता सांगतोयस?”

“मला बघायचं नव्हतं, रोशेल.”

रोशेलने स्टूल ओढलं आणि ती बसली. ती इस्पितळात श्वास अडकलेल्या रुग्णांना यंत्रं लावायचं काम करायची, बहुतेक संध्याकाळची पाळी. सुट्टी असेल त्या रात्री पोराला कुशीत घेऊन तीही गोष्ट वाचून दाखवायची. तो ऐकायचा, आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट आवाज बदलून बदलून तिला सांगायचा, आणि ती फोनवर मैत्रिणींना ऐकवायची. आई वाचून दाखवते, बाप वाचून दाखवतो, आत्याआजी ओळ सांगते. पोराच्या कानात सगळ्या घराने जीव ओतला होता, आणि त्याच्या डोळ्यांना काय दिसतं हे कुणी विचारलं नव्हतं. तिला रडायचं नव्हतं, कारण गालाला पावडर होती आणि जेवायला पाहुणे यायचे होते, पण डोळे भरून आलेच.

आत्याला मात्र हे रडणं मान्य नव्हतं. बोलवा त्याला इथे, ती म्हणाली. हातात कागद द्या, आत्ताच्या आत्ता काय ते कळेल. उगाच सणाच्या दिवशी पोराला नाट लावू नका.

“मी कुणालाही चारचौघांत वाचायला लावत नाही,” लव्हेल म्हणाला. “माझ्याकडच्या पोरांना नाही, आणि त्यालाही नाही.”

“तुझ्या वर्गाचे नियम तळघरात. हे माझं स्वयंपाकघर आहे.”

“नको, आत्या,” रोशेल म्हणाली.

आत्याने तिच्याकडे वळून बघितलं. गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणात लव्हेलने वर्गाची गोष्ट काढल्यापासून घरात दोन पक्ष होते, आणि रोशेल कुठल्या पक्षात हे सांगायची गरज नव्हती.

“माझ्या पोराला मी असं उभं करू देणार नाही,” रोशेल पुढे म्हणाली. मग ती भावाकडे वळली. “लव्हेल, सुट्टीच्या आत होईल का रे?”

लव्हेलने तिला खोटी आशा दाखवली नाही. परीक्षेपर्यंत होईलच असं मी म्हणत नाही, पण उन्हाळ्यात पुन्हा बसायला मिळतं आणि उन्हाळाभर मी इथेच आहे, असं तो म्हणाला. पाठांतर इतकं पक्कं असलेलं पोर एकदा अक्षराला लागलं की धावायला लागतं, हेही त्याने सांगितलं. मार्लनने अखेर अंड्यांची ताटली फ्रीजवर ठेवली आणि मेहुण्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तिघं एका बाजूला आणि आपण दुसऱ्या, हे ओडेसाच्या ध्यानात आलं. तिने केकची एक जाड फोड कापली, बशीत ठेवली, पर्स काखेला मारली.

“मी पोराला केक द्यायला चाललेय,” ती म्हणाली. “तेवढं तरी चालेल ना तुम्हाला?”

*

मागच्या व्हरांड्यात थॅडियस एकटाच बसला होता. पाइनचा पिवळा पराग त्या आठवड्यात सगळ्या गावावर पसरला होता, आणि सूट खराब होऊ नये म्हणून त्याने खुर्चीवर आधी रुमाल अंथरला होता. ओडेसाला तो रुमाल बघून भरून आलं. इतकं नेटकं पोर, आणि याला म्हणे वाचता येत नाही. तिने केक दिला, त्याने ‘थँक यू, मॅम’ म्हटलं, सकाळच्या भाषणात आपण कुठे थांबलो, कुठे आवाज चढवला, यावर दोघांनी थोडी चर्चा केली. दोघंही त्या धंद्यातली मुरलेली माणसं होती.

मग तिने पर्समधून एक कागद काढला. मदर्स डेच्या कार्यक्रमाला त्याने म्हणायच्या चार ओळी तिने परवाच टाइप करून आणल्या होत्या. चारचौघांत नको म्हणतात ना, इथे दोघंच आहोत, असं तिने मनाशी म्हटलं.

“वाच बरं.”

थॅडियसने बोटं पुसली, कागद घेतला, छातीसमोर बरोब्बर धरला. “परमेश्वराला वंदन करून,” त्याने सुरुवात केली, “आणि आपले आदरणीय पास्टर, डीकन मंडळी, माता-भगिनी आणि पाहुणे, या सर्वांना मान देऊन,” आणि तो थांबला. चर्चमध्ये कुणीही बोलायला उभं राहिलं की याच शब्दांनी सुरू करतं. त्या कागदावर त्यातला एकही शब्द नव्हता.

थॅडियसने कागद थोडा खाली केला, आणि मग तो तिच्या तोंडाकडे बघायला लागला. ओठांकडे. तो नेहमीच असा बघायचा, आणि तिला ती एकाग्रता वाटायची. कार्यक्रमाला येणाऱ्या दुसऱ्या आज्यांना ती अभिमानाने सांगायची, बघा, माझं पोर कसं लक्ष देतं.

“आधी तुम्ही म्हणा ना, आत्याआजी,” तो म्हणाला. “मग मी म्हणतो.”

“आज तू आधी.”

“मी तुमच्यामागून छान म्हणतो.”

“माहितेय मला, बाळा. पण कागदावर काय आहे ते सांग.”

त्याने कागदाची घडी घातली, परत उलगडली. त्याचा तो डीकनचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. “ऐकलेलं माझ्याकडे राहतं,” तो म्हणाला. “कागदावरचं नाही राहत. मी बघतो तोपर्यंत सगळे पुढे जातात.” आणि मग केककडे बघत, “मम्मीला नका सांगू. ती आज फार खूश आहे.”

ओडेसाचे वडील याच चर्चमध्ये भजनाची एकेक ओळ मोठ्याने सांगायचे आणि सगळी मंडळी त्यांच्यामागून गायची. पुस्तकं पुरेशी नव्हती, आणि असती तरी बाकांवर बसलेल्या निम्म्या म्हाताऱ्यांना शाळेची पायरी कुणी चढू दिली नव्हती. ओळ सांगायची ती रीत तिने वडिलांकडून घेतली, अभिमानाने सांभाळली, दरवर्षी पोरांच्या नव्या तुकडीला त्याच रीतीने उभं केलं. ज्यांना वाचू दिलं नाही त्यांच्यासाठी निघालेली सोय तिने या पोराला दिली होती, आणि त्यावर टाळ्या घेतल्या होत्या. दोन्ही हातांनी घेतल्या होत्या. वडील असते तर काय म्हणाले असते, हा विचार तिने पुढे नेला नाही.

“मंगळवारी शाळा सुटली की मी तुला घ्यायला येते,” ती म्हणाली. “लव्हेलमामाच्या वर्गात जायचं.”

थॅडियस दचकला. “तिथे ती मुलं असतात.”

“कुठली?”

“वाया गेलेली. तुम्हीच म्हणता.”

ओडेसाने हॅट काढून मांडीवर ठेवली. पोराच्या पाठांतरात खरंच एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता.

“मी चुकीचं म्हणाले,” ती म्हणाली. “तो शब्द मात्र माझ्यामागून म्हणू नकोस. आणि मम्मीला आपण दोघं मिळून सांगू. तिला थोडं ठाऊक झालंय, आणि ती तुझ्यावर रागावलेली नाही. केक संपव.”

*

मंगळवारी तळघरात शिरताना ओडेसाला आधी वास आला तो टोस्ट केलेल्या पावाचा आणि चीजचा. या हॉलमध्ये अंत्यविधीनंतरची जेवणं तिने कितीतरी वाढली होती, पण पोरांची अशी पंगत कधी बघितली नव्हती. शाळेतलं जेवण उरकून जमाना झालेला असतो, भुकेल्या पोराच्या डोक्यात काही शिरत नाही, असं लव्हेलचं म्हणणं. म्हणून आधी खाणं, मग मागच्या आवारात दमेपर्यंत धावणं, आणि मग पुस्तक. फरशीवर काहीही सांडलेलं नव्हतं, हे तिने मनातल्या मनात नोंदवलं.

थॅडियस तिच्या कोटाला धरून उभा होता. क्विंटन नावाचा सहावीतला एक दांडगा मुलगा सँडविच चावत त्यांच्यासमोर आला.

“छोटे डीकन,” तो म्हणाला. “प्रवचन द्यायला आलास की काय?”

दोघातिघांना हसू आलं. थॅडियसची मान खाली गेली.

“मीसुद्धा पाठ करायचो,” क्विंटन म्हणाला. “पण मला तुझ्यासारखं जमायचं नाही, मी लगेच पकडला जायचो. चल, खाऊन घे. चीज गार झालं की रबर होतं.” आणि त्याने थॅडियसला खांद्याला धरून टेबलापाशी नेलं. वाया गेलेल्या पोरांमधला हा पहिला, आणि ओडेसाला त्याची आई कोण, हे विचारावंसं वाटलं, म्हणजे पोर चांगलं घडवलंयस, असं त्या आईला सांगता आलं असतं.

वाचायची वेळ झाली तेव्हा पोरं जोडीजोडीने हॉलभर पांगली. कुणी जिन्याखाली, कुणी पियानोमागे, एका जोडीची पाठ दुसरीकडे. एकाने वाचायचं, एकाने ऐकायचं, आणि ऐकणाऱ्याने काय वाटेल ते झालं तरी शब्द सांगायचा नाही, हा लव्हेलचा कायदा. थॅडियससाठी त्याने खिडकीखालची जागा ठेवली होती आणि क्विंटनला शेजारी बसवायचं ठरवलं होतं. पण थॅडियस आत्याआजीचा हात सोडेना.

“ठीक आहे, आत्या, मग तुम्हीच बसा,” लव्हेल म्हणाला. “पण एक शब्दही सांगायचा नाही. तो अडला तरी, रडला तरी.”

“मला शिकवू नकोस.”

“आज शिकवतोय,” तो म्हणाला, आणि तिने ते ऐकून घेतलं. ओठ चावत जिन्यात उभी असलेली रोशेल तिने मघाशीच बघितली होती, इस्पितळाच्या निळ्या कपड्यांत, पाळीवर जायच्या आधी आलेली. लव्हेलने हाताने तिला तिथेच थांबवलं. बहीणभाऊ एकाच पायरीवर बसले. रविवारी जे बोललं गेलं त्याबद्दल रोशेल त्याच्याशी आधीच बोलली असावी, कारण तिचं डोकं त्याच्या खांद्याला टेकलेलं होतं.

पुस्तक पातळ होतं. नदीवर मासे पकडायला गेलेल्या एका मुलाची आणि त्याच्या काकाची गोष्ट, थॅडियसने कधी न ऐकलेली. पहिल्या ओळीतले छोटे शब्द त्याने एकेक करून उचलले. त्याच्या आवाजात ठसका नव्हता. तो बारीक, कोरडा आवाज ओडेसाने आजवर ऐकलाच नव्हता, आणि तिच्या मनात आलं, हाच याचा खरा आवाज असेल. दुसऱ्या ओळीत तो एका लांब शब्दापाशी अडला. बोट तिथेच राहिलं. त्याने मान वर केली आणि तिच्या ओठांकडे बघितलं.

शब्द तिच्या जिभेवर आला होता. सगळं आयुष्य तिने हेच केलं होतं. पोर अडलं, की हळूच ओळ पुढे सरकवायची, आणि पोर सुटायचं, आणि सगळे खूश व्हायचे. तिने ओठ मिटून घेतले. तेवढ्याने भागेना, तेव्हा रुमाल काढून तोंडावर धरला आणि खिडकीकडे मान फिरवली. बाहेर कुणाचे तरी बूट जाताना दिसले. शेजारी थॅडियसचा श्वास ऐकू येत होता, जोरजोरात, आणि त्याने पुस्तक मिटलं तर आपण काय करणार आहोत, हे तिला ठाऊक नव्हतं. जिन्याकडे बघायचं तिने टाळलं. रोशेलचा चेहरा दिसला असता तर तिने शब्द सांगून टाकला असता.

थॅडियसने खूप वेळ वाट बघितली. मग तो पुन्हा पुस्तकावर वाकला. त्याने शब्दाचा पहिला तुकडा म्हटला. दुसरा चुकीचा म्हटला, थांबला, परत मागे आला, तिसरा जोडला. सगळं मिळून काहीतरी भलतंच झालं. त्याने डोकं खाजवलं, मागच्या ओळीतला मासा बघितला, काका बघितला, आणि परत पहिल्यापासून म्हटला. या खेपेला शब्द जुळला. तो स्वतःच दचकला, जणू शेजारी दुसरंच कुणी बोललं होतं.

“बरोबर?” त्याने विचारलं.

ओडेसाने मान हलवली नाही, डोळ्यांतलं पाणीही पुसलं नाही. तिने फक्त बोटाने पुस्तकाकडे खूण केली. थॅडियसने तिच्याकडे क्षणभर बघितलं, मग शब्दाकडे बघितलं.

“बरोबर आहे,” तो आपलं आपणच म्हणाला, आणि त्याने पान उलटलं.